विश्रामबागेतला मानसोपचार दवाखाना आणि नॅल्ट्रेक्सोनची गोळी: एका बायकोचा रिव्ह्यू

पाचातले चार स्टार. एक कशाला कापला ते पुढे येईलच. ह्यांची दारू आणि लैंगिक वागण्यावरचा सुटलेला ताबा, या दोन्हींसाठी आम्ही तिथं जातो; नॅल्ट्रेक्सोन ही त्यांची ओढ कमी करायची गोळी.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. सांगली ती केवढी! नाव लिहिलं की तिथं मला बघितलेलं कुणीतरी बरोबर जुळवणी करणार. विश्रामबाग भागात आहे एवढं पुरे. दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. त्या दातांच्या दवाखान्याचे आमच्यावर फार उपकार आहेत. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं की "दाढ दुखतीय" म्हणायचं आणि ते खाली उतरेपर्यंत चप्पल काढल्यासारखं करायचं. आमच्या ह्यांची दाढ इतकी वर्षभर दुखतीय की शेजारच्या वहिनींनी लवंगेचं तेल आणून दिलं.

हे लिहू का म्हणून ह्यांना आधी विचारलं. "लिही, पण टाकायच्या आधी मला दाखव," म्हणाले. वाचून दोन ठिकाणी खोडलं. उरलंय ते दोघांच्या संमतीचं आहे.

मी पतसंस्थेत कॅशियर. हे कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीला, शिफ्टची नोकरी. दारूचं म्हणाल तर ते गल्लीला ठाऊक होतं, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दुसरं जे होतं ते मला बँकेच्या स्टेटमेंटवरून कळलं. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघणाऱ्या बाईला घरचे आकडे किती दिवस चुकवणार? रात्री दोन-अडीचला दीडशे, तीनशे, पाचशे, कुठल्या कुठल्या ॲपला, कुठल्या अनोळखी नावांना. पुढं मोठ्या रकमा. मोबाईलवर रात्र रात्र, आणि मग बाहेरही. मला वाटायचं, दारूच्या भरात होतंय, दारू सुटली की हेही सुटेल.

तसं झालं नाही. आधी एका व्यसनमुक्ती केंद्रात ह्यांना ठेवलं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात. दारूपुरतं तिथलं काम चांगलं होतं. सकाळी व्यायाम, दुपारी सभा, वेळेवर जेवण. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर तकाकी होती. पण दारू नाही म्हटल्यावर रात्रीचा मोबाईल दुप्पट झाला. मी धीर करून तिथं फोन लावला, अडखळत सांगितलं, तर पलीकडून उत्तर आलं, "ताई, दारू सुटलीय ना? मग आता तक्रार कसली?" थोड्याच महिन्यांत दारूही परत आली. माझं मत असं की ती मागल्या दारानं याच वाटेनं आली. रात्रभर ते सगळं करायचं, सकाळी स्वतःची किळस यायची, आणि ती किळस बुडवायला बाटली.

सासूबाईंचा उपाय माळेचा. "पंढरीची माळ घालू या त्येच्या गळ्यात, आपसूक सुटतंय." माझ्या सासऱ्यांची माळेनंच सुटली होती, त्यामुळं माळेला मी नावं ठेवत नाही. पण मोबाईलचं सासूबाईंना कुठल्या तोंडानं सांगणार? जाऊबाईंनी एक पुडी आणली, "न सांगता दारू सोडवा" वाली, भाजीत घालायची. ती मी कपाटात ठेवली आणि पुढं डॉक्टरांना दाखवली. त्यावर काय ऐकलं ते सांगते.

आता दवाखाना. वेटिंगची खोली लहान, खुर्च्या भिंतीकडं तोंड करून नाहीत पण समोरासमोरही नाहीत, कुणीतरी विचार करून मांडल्यात. टीव्ही नाही. सगळ्यात मला आवडलं ते हे की रिसेप्शनवरची मुलगी नावानं हाक मारत नाही, नंबर सांगते. "अकरा नंबर, आत या." आमच्याच ऑफिसातल्या एकाचे वडील एकदा तिथं दिसले. त्यांनीही मला बघितलं. दोघांनीही कॅलेंडर वाचलं.

डॉक्टर बाई आहेत. ह्यांना जिन्यातच घाम फुटला. "बाईमाणसासमोर असलं कसं बोलायचं?" मॅडमनी आधी ह्यांना एकट्यांना घेतलं, मग मला एकटीला, मग दोघांना. ह्यांनी आत काय सांगितलं ते मला त्यांनी सांगितलं नाही, आणि मी काय सांगितलं ते ह्यांना नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी परवानगी दिली तेवढंच मी बोलणार. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात पेशंटला तो हक्क आहे." त्या क्षणी मला राग आला. पैसे मी भरतीय आणि मलाच सांगत नाहीत! आता वाटतं, त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं असतं तर हे पुन्हा तो जिना चढले नसते.

प्रश्न मात्र त्यांनी बीपी विचारावं तसे विचारले. आवाज खाली नाही, डोळे वर नाहीत. त्यातला एक प्रश्न मला तिथवर कुणीच विचारला नव्हता, "हे पिल्यावरच होतं, का न पितासुद्धा होतं?" न पितासुद्धा, मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. पिल्यावर ताबा सुटणं वेगळं आणि शुद्धीवर असताना नको नको म्हणत तेच करत राहणं वेगळं, आणि दोन्ही एकाच माणसाला असू शकतं, असं त्या म्हणाल्या. मग आणखी प्रश्न. कधी आठवडाभर झोप न लागता भलताच उत्साह, मोठमोठ्या गप्पा, उधळपट्टी असं झालंय का? म्हणजे बायपोलर या मनाच्या आजारातली तेजी तर नाही ना, ते बघत होत्या. हात थरथरण्यावर कुठली गोळी चालू आहे का? पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल असल्या, लैंगिक वागणं हाताबाहेर जाऊ शकतं म्हणे. हे मला नवीन होतं.

आणि मग, "दुखण्यावर काही घेता का?" हे नाही म्हणाले. मी पर्समधून पाकीट काढलं. कंबरेसाठी मेडिकलमधून आणायचे ती गोळी, पॅरासिटॅमॉल आणि ट्रॅमाडॉलची. मॅडमनी पाकीट उलटं करून नाव वाचलं आणि बाजूला ठेवलं. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचं औषध. ते अंगात असताना नॅल्ट्रेक्सोन घेतलं तर उलट्या, जुलाब, घाम, अंग मोडून येणं, सगळं एकदम सुरू होतं. म्हणून ती गोळी बंद करून निदान सात ते दहा दिवस जाऊ द्यायचे, मगच नवीन सुरू. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधालाही तोच नियम. त्या एका प्रश्नात माझी पहिली फी वसूल झाली.

पुडी दाखवल्यावर त्यांनी ती उघडलीही नाही. "यात काय आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिरॅम, म्हणजे दारूबरोबर त्रास देणारं औषध, असेल आणि वरून ते प्यायले तर नुसत्या उलट्या होत नाहीत, बीपी कोसळू शकतं, हृदयावर बेतू शकतं. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायची असते." जाऊबाईंना मी निरोप दिला. त्यांनी आणखी दोघींना वाटली होती.

सुरुवात नॅल्ट्रेक्सोननं झालीच नाही. आधी दारू सुरक्षितपणे उतरवायची. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी झटक्यात बंद केली की फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. म्हणून क्लोरडायझेपॉक्साइड हे दारू उतरताना मेंदू शांत ठेवणारं औषध कमी कमी करत, आणि बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं. लिव्हरच्या तपासण्या झाल्या. ह्यांचा एसजीपीटी, म्हणजे त्यातला एक आकडा, वाढलेला होता, पण ही गोळी नाकारावी इतका नव्हता. पुढंही मधून मधून तपासत राहायचं असतं, ते त्या विसरत नाहीत.

आता या रिव्ह्यूतला सगळ्यात अवघड भाग. रक्ताच्या यादीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस होतं, आणि खाली माझंही नाव होतं. मी म्हटलं, माझं कशाला? मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमची सुद्धा काळजी घ्यायचीय म्हणून." खाली उतरेपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. खासगी लॅबमध्ये ओळखी निघतात, म्हणून मी सिव्हिलला गेले. तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशन असतं. तिथल्या बाईंनी माझ्याकडं बघून कुठलाही चेहरा केला नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आले, दोघांचेही. पण संशयाच्या काळात झालेल्या संबंधांचं रक्तात लगेच दिसत नाही म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागली. ते मधले आठवडे मी कुणाला सांगू नयेत असे काढले. ज्या बायकांचं माझ्यासारखं असेल त्यांनी ही तपासणी कुणी सांगायची वाट बघू नये.

निदान कागदावर लिहून दिलं. दारूचं अवलंबित्व एक, आणि दुसरं कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर, लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत तो आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिथं त्याला व्यसनाच्या रांगेत बसवलेलं नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवलंय. अमेरिकेच्या डॉक्टरांची जी वेगळी यादी आहे, डीएसएम-५, तिच्यात २०१३ साली असा विकार घेतलाच नाही. म्हणजे जाणत्यांच्यातही वाद आहेत. आयसीडीची अट अशी की सहा महिने किंवा जास्त काळ हे चाललेलं हवं, थांबायचे प्रयत्न फसलेले हवेत, घर, नोकरी, तब्येत यांना धक्का बसलेला हवा. आणि नुसती लाज वाटते, हे पाप आहे असं वाटतं, एवढ्यावर हा विकार ठरत नाही.

मी सरळ विचारलं, "म्हणजे आता सगळं आजारावर ढकलून मोकळं व्हायचं?" मॅडम म्हणाल्या, "औषध काय द्यायचं ते मी आजारावरून ठरवते. माफ करायचं का ते तुम्ही ठरवा, त्यात मी नाही." या उत्तरावर मी अजून विचार करतीय.

गोळीचं म्हणाल तर नॅल्ट्रेक्सोन, पन्नास मिलिग्रॅम, रोज एक. अमेरिकेत १९८४ साली अफूच्या व्यसनावर मंजूर झाली आणि १९९४ साली दारूवर. शरीर स्वतःची जी एंडॉर्फिन, म्हणजे बरं वाटायला लावणारी रसायनं, बनवतं ती मेंदूत ज्या कुलपात किल्लीसारखी बसतात, तिथं ही गोळी आधीच जाऊन बसते. मग पिल्यावर जी मजा यायची ती फिकी पडते. डायसल्फिरॅमसारखी पिल्यावर शिक्षा देत नाही. मजाच कमी झाली की ओढ हळूहळू ढिली होते, असा हिशेब. आणि लैंगिक गोष्टींतल्या मजेचाही रस्ता काही अंशी त्याच कुलपातून जातो, म्हणून एकाच गोळीनं दोन्हीकडं बघता येतं.

इथं मॅडमचा प्रामाणिकपणा नोंदवते. त्यांनी आधीच सांगितलं की दारूसाठी हे औषध पक्कं, अभ्यास भरपूर आहेत. दुसऱ्या विकारासाठी मात्र जगात कुठलंच औषध अधिकृत मंजूर नाही, देतो ते ऑफ-लेबल, म्हणजे मंजुरीत नसलेल्या कामासाठी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००८ साली इंटरनेटवरच्या अशा सवयीच्या एका पेशंटबद्दल लिहिलं, त्याला ही गोळी लागू पडली होती. २०१० साली १९ पुरुषांचा एक लेखाजोखा आला, त्यातल्या १७ जणांना फरक पडला. पण ते बऱ्याच जणांना आधीच्या औषधांवर जोडून दिलं होतं, आणि शेजारी नकली गोळी घेणारा गट नव्हता, त्यामुळं त्यावर उड्या मारू नका, असं त्याच म्हणाल्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते, तोही एक मार्ग असतो, पण ह्यांना आधी दारू होती म्हणून नॅल्ट्रेक्सोन निवडली. कॅशियरला असा माणूस आवडतो. नोटा मोजून देताना फाटकी वेगळी काढून दाखवतो.

परिणाम. पहिले काही दिवस अर्धी गोळी, जेवणानंतर. तरी मळमळ झालीच, डोकं जड, दुपारच्या शिफ्टला पेंग. हे म्हणाले, "दारू बरी होती, निदान सकाळीच उलटी व्हायची." आठवड्याभरात मळमळ गेली. मग भावकीतल्या एका लग्नात हळदीच्या रात्री प्यायलेच. मी बघत होते. दुसरा ग्लास अर्धा टेबलावर तसाच राहिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी ग्लासात काही शिल्लक ठेवलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. घरी येताना म्हणाले, "चढली, पण मजा आली नाही."

मोबाईलचं एवढं नाट्यमय काही झालं नाही. ओढ गेली नाही, तिचा जोर कमी झाला. ह्यांच्या शब्दांत, आधी हात जायचा तो सकाळपर्यंत परत यायचा नाही, आता जातो आणि परत येतो. मधे एकदा गोळ्या संपल्या, मेडिकलवाल्याकडं माल नव्हता, आठवडा गेला, आणि स्टेटमेंटमध्ये रात्रीच्या नोंदी परत आल्या. मला त्यावरूनच गोळीची किंमत कळली. ह्यांची सगळ्यात मोठी भीती होती की पुरुषपण जाईल. तसं काही झालं नाही. (इथं पुढची ओळ ह्यांनी खोडली.)

पाकिटात लायसनच्या मागं एक कार्ड असतं, मॅडमनी भरून दिलेलं: "मी नॅल्ट्रेक्सोन घेतो." अपघात झाला, ऑपरेशन करावं लागलं, तर अफूजातीची वेदनाशामकं नेहमीसारखी लागू पडणार नाहीत, हे डॉक्टरांना कळायला हवं म्हणून. ह्यांच्या कामावर भट्टी आहे, वितळलेलं लोखंड आहे. ते कार्ड आहे का ते मी सकाळी डब्याबरोबर बघते.

आता तो एक स्टार. वेळ दिलेली असते आणि तासभर बसवतात, कधी जास्त. शिफ्टवाल्या माणसानं सुट्टी टाकून यायचं आणि तिथं बसायचं, हे बरोबर नाही. दुसरं, समुपदेशक बाई आठवड्यातून मोजकेच दिवस असतात आणि त्यांच्याकडं नंबर लागत नाही. आमच्यावर खरा फरक गोळीइतकाच त्यांच्या बसण्यानं पडला. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, ओढ कधी येते ते वहीत लिहायचं (ह्यांच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलं, "दुसरी शिफ्ट सुटल्यावर, पोटात काही नसताना"), पगाराचं खातं दोघांच्या नावावर. आणि मला सांगितलं की पोलीसगिरी करू नका, रोज फोन तपासू नका. ते मला पूर्ण जमत नाही, आणि बायकोसाठी वेगळं बसणं तिथं नाहीच. फसवली गेलेली बाई ही कुणाची पेशंट? ती ह्यांच्या फाईलमध्ये "सोबत आलेली" एवढीच. त्या बाबतीत दवाखाना कमी पडतो.

तिसरं अगदी बारीक. खालच्या मेडिकलवाला गोळ्या पारदर्शक पिशवीत देतो. मी घरून कापडी पिशवी नेते.

खर्च: गोळी स्वस्त नाही. डायसल्फिरॅमपेक्षा कितीतरी महाग, आणि आमच्या विम्यात ओपीडी बसत नाही. तरी मी जुनी स्टेटमेंटं काढून बेरीज केली. रात्रीचे ते दीडशे, तीनशे, पाचशे आणि बारची बिलं मिळून जो आकडा होता, त्याच्या पुढं महिन्याच्या गोळ्या, फी आणि तपासण्या काहीच नाहीत. हा हिशेब ह्यांना दाखवला नाही, वाचतील तेव्हा कळेल.

जाणार असाल तर: फोन करून नंबर लावा, थेट गेलात तर दिवस जाईल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, कंबरेच्या, गुडघ्याच्या, खोकल्याच्या, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. गोळ्यांचं पाकीट संपायच्या आठ दिवस आधी मेडिकलला सांगून ठेवा, मागवून घ्यावं लागतं. जवळ दवाखाना नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. लिफ्ट नाही. गाडी समोर लावू नका, शेजारच्या बंगल्यातले काका हवा सोडतात.